शेवटच्या ओट्यावरचा बोर्ड

शुभांगी काकड यांचं पत्र श्रावणात आलं होतं. फूल उत्पादक संघाच्या छापील कागदावर, खाली सही-शिक्का, आणि सोबत घड्या घातलेला एक मोठा नकाशा. मखमलाबाद रस्त्याला संघाची नवी लिलाव शेड उभी राहिली आहे, तिथे प्रत्येक ओट्यावर एक असे अकरा डिजिटल बोर्ड लागणार आहेत, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर भाव टाकला की सगळीकडे एकदम दिसेल, त्यांच्या वायरिंगचा हा नकाशा आपण नजरेखालून घालावा आणि आपलं मत लेखी कळवावं, असं त्यात होतं. 'आपला या कामातला अनुभव मोठा आहे' असंही एक वाक्य होतं. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग नकाशा उघडला, खालच्या कोपऱ्यातलं नाव पाहिलं, आणि पत्राचं उत्तर राहून गेलं.

राहून गेलं म्हणजे मी विसरलो असं नाही. ते टेबलावर डोळ्यांसमोर होतं. रोज त्यावरची धूळ झटकत होतो.

नाव सावळीराम विधाते यांचं होतं. सावळीराम माझे व्याही. आमची सविता त्यांच्या महेशला दिलेली आहे.

आमच्यात मुलीच्या बापानं व्याह्याच्या कामात खोट काढायची नसते. त्यांच्याकडे जेवताना आमटीत मीठ नसलं तरी 'वा' म्हणायचं असतं. मला ते जड गेलं नाही, कारण मला मुळातच फार बोलता येत नाही. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो. कुठली वायर कुठून निघून कुठे जाते, हे कागदावर काढण्यात जन्म गेला. घरी आलं की पुस्तक. सावळीराम याच्या अगदी उलट. ते वायरिंगचे कंत्राटदार. आडगावपासून गंगापूरपर्यंत निम्म्या मंगल कार्यालयांची रोषणाई त्यांच्या हातची. शिडीवर चढून वरून गप्पा मारणारा माणूस. कुठेही गेले तरी शाल आणि नारळ घेऊनच परततात. आमची नात पिंकी त्यांना 'नाना' म्हणते आणि मला 'पुस्तकवाले आजोबा'. एकदा सुट्टीत आमच्याकडे राहायला आली होती. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "आजोबा, तुमच्या घरी आवाजच नसतो." आणि नानांकडे जायचं म्हणून रडली. मी तिच्यासाठी आणलेलं गोष्टींचं पुस्तक तिच्या पिशवीत घातलं. ते आमच्याकडेच राहिलं, दिवाणाखाली सापडलं.

हे सगळं मी सोसलं असतं. पण नकाशा हे माझं काम होतं. सावळीराम यांना भिंत दिसली की खिळा ठोकायचा एवढंच माहीत, असं मी मनात धरून चाललो होतो. आणि इथे त्यांच्या हातचा नकाशा होता, नीट मोजमापाचा, स्वच्छ रेघांचा.

पहिल्याच बैठकीत मला त्यात चार चुका सापडल्या. बोर्डाच्या डब्यात वायर वरून शिरत होती. उघड्यावरच्या डब्यात ती खालून घ्यायची असते, नाहीतर वायरीवरून पाणी आत उतरतं. प्रत्येक वळणावर वायर गरजेपेक्षा जास्त धरली होती. विजेची वायर आणि भावांचा निरोप नेणारी डेटा केबल शेजारून चालल्या होत्या. तशा चालल्या तर निरोपात गडबड होते. आणि चौथं, सगळे बोर्ड एका माळेत ओवले होते. ऑफिसातून पहिल्यात, पहिल्यातून दुसऱ्यात, असं शेवटपर्यंत.

मी लगेच उत्तर लिहायला बसलो. हात असा भराभर चालला की मलाच नवल वाटलं. लिहून झाल्यावर वाचून पाहिलं. त्यात वायरिंगपेक्षा सावळीरामच जास्त होते. 'अनुभवी माणसाकडून हे अपेक्षित नव्हतं' हे वाक्य तर मी खाली अधोरेखित केलं होतं. कागद फाडून टाकला. मग प्रश्न पडला, की या चार चुका खरोखर नकाशात आहेत, की माझ्या डोळ्यांत? तेव्हापासून पत्र तसंच पडून राहिलं.

"अजून तेच उघडून बसलात?" आमची शकू म्हणाली. शकू म्हणजे माझी बायको.

"बघतोय."

"श्रावणापासून बघताय. व्याह्यांची पत्रिका जुळवताय का?"

संध्याकाळी सविताचा फोन आला. सासऱ्यांना ती पप्पा म्हणते. "बाबा, पप्पा विचारत होते, तुमचं उत्तर गेलं का म्हणून."

"त्यांना काय माहीत?"

"म्हणजे काय! तुमचं नाव त्यांनीच सांगितलं शुभांगीताईंना. म्हणाले, आमचे व्याही नजर टाकतील तेव्हा मी निर्धास्त. छान आहे एवढंच लिहून टाका ना, बाबा. रेघ-रेघ कशाला तपासत बसता?"

मी बरं म्हटलं. फोनवर मी नेहमीच बरं म्हणतो. पण ते अनुभवाचं वाक्य मला सावळीराम यांनी मिळवून दिलं होतं, हे कळल्यावर मला रात्रीचं जेवण गेलं नाही. माझ्या वाट्याला आलेली शालसुद्धा त्यांच्या खांद्यावरून उतरलेली होती.

भाद्रपदात शेडमध्ये चाचणी ठरली. मी जाणार नव्हतो, शकूने पाठवलं. सकाळचा बाजार भरलेला होता. शेवंतीचे ढीग, झेंडूच्या गोण्या, ओल्या पोत्यांचा वास. दोनच बोर्ड तात्पुरते टांगले होते, एक पहिल्या ओट्यावर आणि एक पार शेवटच्या. पहिल्या बोर्डात शिरलेली केबल तिथून निघून जमिनीवरून शेवटच्या बोर्डापर्यंत गेली होती. नकाशातल्यासारखीच, फक्त मधले बोर्ड अजून नव्हते.

"या, या, व्याहीबुवा!" सावळीराम शिडीवरूनच ओरडले. "अरे जीवन, खुर्ची आण. हे आमचे माळोदे साहेब. यांचं वायरिंग कागदावर असतं, आमचं भिंतीवर. करंट मात्र आम्हालाच बसतो!"

सगळे हसले. मीही हसलो. जीवन नावाचा एक शेतकरी शिडी धरून उभा होता, तो म्हणाला, "नाना, बोर्डावर तुमचा फोटोपण येईल का?"

"येईल की. पण भाव पडतील रे."

पुन्हा हशा. मग शुभांगीताईंनी ऑफिसातून भाव टाकला आणि दोन्ही बोर्डांवर लाल अक्षरं उमटली. टाळ्या झाल्या. कुणीतरी शेवंतीचा हार आणला, तो सावळीराम यांनी आपल्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातला. मला तो गळ्यात ठेवताही येईना आणि काढताही येईना. तसाच चालत शेवटच्या ओट्यापर्यंत गेलो.

त्या टोकाला पेठकडच्या बायका बसतात. मोगऱ्याच्या कळ्या घेऊन येतात. पुढचे ओटे नाशिकच्या जवळच्या मळेवाल्यांनी धरलेले असतात, लांबून येणाऱ्यांना शेवटचे मिळतात. एक वयस्क बाई फडकं ओलं करून कळ्यांवर पसरत होत्या. नवसाबाई, असं शेजारणीने त्यांना हाक मारली तेव्हा कळलं. त्यांच्यासमोर एक व्यापारी पिशवी उघडून बसला होता.

"दादा, तठं काय लिवलाय मोगऱ्याचा?" त्यांनी मला विचारलं.

मी वर पाहिलं. "चारशे."

"चारशे," त्या व्यापाऱ्याला म्हणाल्या आणि तराजू उचलला. मग त्यांचं सगळं लक्ष काट्यावर होतं.

तेवढ्यात ऑफिसच्या दारातून शुभांगीताईंचा आवाज आला, "मोगरा साडेचारशे केलाय! दिसतंय ना बोर्डावर?"

सावळीराम खाली उतरून चहा घेत होते. त्यांनी कप तसाच धरून आमच्या बाजूला मान वर केली. त्यांना लांबचं कमी दिसतं, चष्मा ते लावत नाहीत. "दिसतंय, दिसतंय! टकाटक!" ते ओरडले.

शेवटच्या बोर्डावर चारशेच होते. मी पहिल्या बोर्डाकडे पाहिलं. तो विझलेला होता. त्याचा प्लग काढून जीवनने तिथे आपल्या मोबाइलचा चार्जर लावला होता, आणि त्या चहाच्या गर्दीत कुणाच्याच ते ध्यानात आलं नव्हतं. पहिला बोर्ड बंद, म्हणून त्याच्या पोटातून पुढे जाणारा निरोप बंद. आणि शेवटचा बोर्ड विझला नव्हता. त्याला मिळालेला शेवटचा भाव तो लाल अक्षरांत धरून बसला होता.

चौथी चूक खरी होती.

मला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही. गळ्यात व्याह्यांनी घातलेला हार होता, आणि छातीत असं काही उसळलं की शाळेत पहिला नंबर आल्यावरही उसळलं नव्हतं. मी तो आनंद तसाच धरून उभा राहिलो. तेवढ्या वेळात नवसाबाईंनी सगळ्या कळ्या व्यापाऱ्याच्या पिशवीत ओतल्या होत्या.

जीवनने चार्जर काढला, प्लग परत बसवला. पहिला बोर्ड लागला आणि आमच्या डोक्यावरचा आकडा बदलला. नवसाबाईंना वाचता येत नव्हतं, पण आकड्याचा आकार बदललेला त्यांना कळला. शेजारणीला विचारून त्यांनी खात्री करून घेतली. व्यापारी उठून गेला होता.

"साडेचारशे म्हणतेय ही. तुम्ही तं चारशे सांगला."

"तेव्हा तसंच लिहिलं होतं, बाई."

त्यांनी बोर्डाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, माझ्या गळ्यातल्या हाराकडे पाहिलं, आणि रिकामं फडकं पिळून घडी घातली.

मी कुणालाच काही न बोलता घरी आलो.

एखादा नकाशा समजत नसला की कारखान्यात मी एक करायचो. तो ट्रेसिंग पेपरवर पहिल्यापासून स्वतःच्या हाताने गिरवायचो. डोळा रेघेवरून उडी मारून पुढे जातो, पेनला तसं जाता येत नाही. शिवाय गिरवून झालेला कागद आपल्या हातचा असतो, त्यावर राग धरता येत नाही. मी माळ्यावरून जुना ड्रॉइंग बोर्ड आणि पेनं काढली. सावळीराम यांचा नकाशा खाली चिकटवला आणि सुरुवात केली.

वायर डब्यात वरून शिरते तिथे पेन एका लहानशा कमानीत वळलं. डब्याच्या आधी वायर खाली झोल देऊन मग वर नेली होती. पाणी त्या झोलावरूनच टपकून जाणार. ती कमान मी पाहिलीच नव्हती. आणि खालून वायर घेतली असती तर बाजारातल्या बायका तिलाच गजऱ्याच्या माळा अडकवणार. हाताशी येईल त्या दोरीला त्या माळा अडकवतात, हे मी स्वतः शेडमध्ये पाहून आलो होतो. वळणावरची जास्तीची वायर गिरवताना कळलं की ती उद्या बोर्ड इकडेतिकडे हलवावा लागला तर उपयोगी पडावी म्हणून आहे. विजेची आणि डेटाची केबल शेजारून चालल्या होत्या खऱ्या, पण सगळीकडे वीतभर अंतर राखून. आणि जिथे एकमेकींना ओलांडत होत्या तिथे काटकोनात. काटकोनाचं हे मला सुचलं नसतं. खरंच सुचलं नसतं.

एकेक चूक गळत गेली तसा माझा मत्सर कमी व्हायला हवा होता. तो वाढत गेला. तीन चुका गेल्या तेव्हा मी पेन खाली ठेवून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो आणि शकूवर उगाचच खेकसलो.

चौथी रेघ शेवटी गिरवली. ऑफिसपासून निघून एकेका बोर्डाच्या पोटातून शेवटच्या ओट्यापर्यंत. माझ्या हातची झाली तरी ती चूकच राहिली. मी सावळीराम यांची बाजू घेऊन पाहिली. पाइप कमी लागतो. दिसायला नीटस दिसतं. रोषणाईत असंच ओढतात. यापलीकडे मला काही सापडलं नाही.

त्याच आठवड्यात सावळीराम स्वतःच आले. हातात मळ्यातली शेवंती आणि पेढ्यांचा पुडा. दसऱ्याला बोर्डांचं उद्घाटन होतं, त्याचं आमंत्रण. शकूने चहा टाकला. मी ट्रेसिंग त्यांच्यापुढे पसरलं.

"अरे वा! माझ्यापेक्षा देखणं काढलंत."

"सावळीरामजी, एक सांगायचं होतं." "हे जे एकातून दुसऱ्यात नेलंय..."

"लायटीला जन्मभर असंच नेतोय. एक बल्ब गेला म्हणून पुढचा कधी गेला नाही."

"लायटीत वीज बल्बच्या बाहेरून पुढे जाते. इथे भाव बोर्डाच्या आतून पुढे जातो. मधला बंद पडला की पुढच्यांना निरोप नाही. आणि ते विझत नाहीत, जुनाच भाव दाखवत राहतात. मी पाहिलं. चाचणीच्या दिवशी."

त्यांनी कागद जवळ ओढला. बोट त्या रेघेवरून फिरवलं.

"चाचणीच्या दिवशी पाहिलंत," ते म्हणाले. "आणि आज सांगताय?"

"हो."

"काय करायला पाहिजे?"

"मध्यावर एक जोडणीचा डबा. तिथून प्रत्येक बोर्डाला स्वतंत्र केबल. कुणीही झोपला तरी बाकीचे चालू."

"म्हणजे परवाच गाडलेला पाइप पुन्हा उकरायचा." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. मग आवाज खाली आणला. "हे बघा व्याहीबुवा, तोंडी सांगितलंत, पावलं मला. लेखी नका देऊ. लेखी राहतं. दसऱ्याला हार-नारळ होऊ द्या, मग मी गुपचूप बदलून घेतो. सगळ्या पाहुण्यांना बोलावून बसलोय." आणि त्यांनी खरंच हात जोडले. "मुलाचा बाप असून जोडतोय."

शकू चहाचे कप घेऊन दारातच थांबली. मला बरं वाटत होतं, हे मला कळत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याकडे काही मागत होते, आणि हो म्हणणं किती सोपं होतं. हो म्हटलं की मी मोठा माणूस. व्याह्यांची लाज राखणारा. सविता खूश, महेश खूश. पिंकी कदाचित सुट्टीला आली असती.

"दसऱ्याला शेवटच्या ओट्यांवर कोण बसणार?" मी विचारलं.

"बसतील पेठकडचे. नेहमीचेच. का?"

"दसऱ्याला भाव मिनिटामिनिटाला बदलतो."

"एका दिवसाचा प्रश्न आहे हो!"

मी ट्रेसिंगच्या कडा सारख्या करत बसलो. बोललो असतो तर बरं म्हणून बसलो असतो. सावळीराम यांनी अर्धा चहा घेतला, शकूला नमस्कार केला आणि गेले. जाताना नेहमीसारखी माझ्या पाठीवर थाप मारली नाही.

मी उत्तर लिहायला बसलो. आधी नकाशातलं चांगलं काय ते लिहिलं. पाण्यासाठी दिलेला झोल. वळणावरची सोय. वीतभर अंतर आणि काटकोन. मग लिहिलं, 'हे काम माझ्या हातून इतकं नेटकं झालं नसतं.' या एका वाक्याला सबंध पत्रापेक्षा जास्त वेळ लागला. लिहून झाल्यावर मला वाटलं की हे मी स्वतःचा मोठेपणा दाखवायला लिहितोय. खोडलं. मग वाटलं, खोडतोय तेही मत्सरापोटीच. शेवटी नवा कागद घेतला आणि ते वाक्य ठेवलं, कारण ते खरं होतं, मी ते कशासाठीही लिहिलेलं असो.

त्याखाली चूक, तिचं कारण आणि उपाय. काम दसऱ्याच्या आधी होणार नसेल तर त्या दिवशी शेवटच्या ओट्यांजवळ भाव मोठ्याने सांगणारा एक माणूस उभा करावा, बोर्डावर विसंबू नये. चाचणीत मोगऱ्याच्या एका बाईंचं यामुळे नुकसान झालं, त्यांना भाव मी वाचून दाखवला होता, त्यांचं नाव नवसाबाई, संघाने त्यांची भरपाई करावी आणि जमत नसेल तर मला कळवावं, ती मी देईन. सही केली. सोबत ट्रेसिंगची घडी घातली. मग तेच सगळं दुसऱ्या कागदावर उतरवून काढलं आणि वर सावळीराम यांचा पत्ता लिहिला. शुभांगीताईंना काय लिहिलं ते त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

"फोन करून सांगितलं असतं तरी चाललं असतं," शकू म्हणाली.

"फोनवर मला जमत नाही."

"सविता काय म्हणेल?"

"दिवाळीला आली की कळेल."

"आणि नाही आली तर?"

मी चपला घातल्या.

पंचवटीच्या पोस्टात गर्दी नव्हती. वाटेत दोनदा वाटलं की एकदा पुन्हा वाचून पाहावं, पण पाकिटं मी घरूनच डिंकाने पक्की बंद करून आणली होती. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "साधं की स्पीड पोस्ट?"

"स्पीड पोस्ट. दोन्ही गावातलीच आहेत."

"गावातल्या गावात स्पीड पोस्ट?" त्या हसल्या. "एवढी घाई आहे?"

"उशीर झालाय," मी म्हणालो.

शुभांगी काकड यांचं पाकीट आधी सरकवलं, मग व्याह्यांचं. बाईंनी दोन्ही वजनकाट्यावर ठेवली, स्टिकर चिकटवले, आणि मागे न पाहताच पाठीमागच्या पोत्यात टाकली.